मधाला साखर का धरते? : काढणी आणि साठवण यांचा अभ्यास

दरवर्षी थंडी पडली की पालकांकडून आमच्या विज्ञान विभागाकडे एक प्रश्न हमखास येतो. उन्हाळ्यात विश्वासाने घेतलेला मध आता तळाशी पांढरा, रवाळ झाला आहे. तो बनावट निघाला काय? काही घरांत प्रश्न विचारण्याआधीच बाटली रिकामी केली जाते, आणि ज्या कातकरी वा ठाकूर बांधवाने तो मध मलंगगडाच्या रांगेतून किंवा बारवीच्या जंगलातून आणून दिला, त्याच्या नावावर फसवणुकीचा शिक्का बसतो. शुद्ध वस्तू टाकून दिली जाते आणि प्रामाणिक माणूस संशयित ठरतो. ही दुहेरी हानी केवळ अज्ञानामुळे होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मधाच्या काढणीचा आणि साठवणीचा विषय आम्ही थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

मधाच्या साठवणीचा प्रश्न बौद्ध परंपरेला नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित अशी पाच औषधे जवळ बाळगण्याची अनुमती आढळते. पुढे राजगृह येथे आयुष्मान पिलिन्दवच्छ यांच्या परिवाराने लोकांनी दिलेली ही औषधे मडक्यांत व पिशव्यांत भरून ठेवली. ती पाझरू लागली, विहारात उंदरांचा सुळसुळाट झाला आणि लोक टीका करू लागले. तेव्हा सात दिवसांहून अधिक संग्रह करू नये असा नियम घालून देण्यात आला. तो नियम भिक्खूंसाठी होता. गृहस्थाला मात्र उन्हाळ्यात घेतलेला मध वर्षभर नीट ठेवायचा असतो, आणि त्यासाठी मधाचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो.

साखर धरणे म्हणजे काय?

मधात ढोबळमानाने ८० टक्के शर्करा व १७ ते २० टक्के पाणी असते. शर्करेत दोन मुख्य घटक असतात : फ्रुक्टोज म्हणजे फलशर्करा, सुमारे ३८ टक्के, आणि ग्लुकोज म्हणजे द्राक्षशर्करा, सुमारे ३१ टक्के. फलशर्करा पाण्यात अतिशय सहज विरघळते. द्राक्षशर्करेचे तसे नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात ती सुमारे ९० ग्रॅम विरघळते. मधात मात्र १८ ग्रॅम पाण्यात ३१ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे १७० ग्रॅम द्राक्षशर्करा असते. पाण्याच्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट! अशा द्रावणाला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. ते स्थिर नसते. निमित्त मिळताच जास्तीची शर्करा स्फटिकरूपाने बाहेर पडू लागते. तळाशी जमणारे पांढरे कण ते हेच. ती कोणी बाहेरून मिसळलेली साखर नव्हे, मधाचीच द्राक्षशर्करा होय.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. द्राक्षशर्करा स्फटिक होताना थोडेच पाणी आपल्यासोबत बांधून घेते. त्यामुळे वर उरलेल्या पातळ भागातील पाण्याचे प्रमाण वाढते. ज्या मधात मुळातच ओलावा जास्त आहे, त्याचा हा वरचा थर आंबण्यास अनुकूल होतो. साखर धरणे हा स्वतः दोष नाही. परंतु कच्च्या, पाणचट मधाने साखर धरली तर त्यामागून खरा दोष, म्हणजे आंबणे, येऊ शकतो. मधाच्या साठवणीत भीती बाळगायची ती या दुसऱ्या गोष्टीची.

कोणता मध लवकर थिजतो?

याचे उत्तर फुलांत आहे. द्राक्षशर्करेचे प्रमाण जितके अधिक आणि फलशर्करेचे जितके कमी, तितका मध लवकर थिजतो. उत्तर भारतातील मोहरीचा मध काही आठवड्यांतच लोण्यासारखा घट्ट होतो. सूर्यफुलाच्या मधाचीही तीच तऱ्हा. याउलट काश्मीरकडील रॉबिनियाच्या झाडांचा मध फलशर्कराप्रधान असल्यामुळे दीर्घकाळ पातळ राहतो. अभ्यासक यासाठी द्राक्षशर्करा व पाणी यांचे गुणोत्तर पाहतात. ते १.७ पेक्षा कमी असेल तर मध सहसा प्रवाही राहतो. २ च्या वर गेले तर तो लवकर दाणे धरतो. आपल्या सह्याद्रीत एकाच हंगामात जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा अशी नाना झाडे फुलतात, आणि कारवी तर काही वर्षांच्या अंतराने एकदाच बहरते. म्हणूनच एकाच डोंगरातील दोन वर्षांचा मध रंगाने, चवीने आणि थिजण्याच्या वेगाने निराळा असू शकतो. गतवर्षीचा मध पातळ राहिला आणि यंदाचा थिजला, एवढ्यावरून विक्रेत्यास दोष देता येत नाही.

फुलांवर आपली सत्ता चालत नाही. परंतु ओलावा, मधातील कण आणि तापमान या तीन गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. पुढील विवेचन त्यांविषयी आहे.

काढणी : अर्धे काम पोळ्यापाशीच

फुलातून आणलेल्या मकरंदात निम्म्याहून अधिक पाणी असते. कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडी देत, पंखांनी वारा घालत आटवतात. पुरेसा आटल्यावर त्या प्रत्येक घरकुलावर मेणाचे पातळ झाकण बसवतात. हे झाकण म्हणजे मध पक्व झाल्याची माश्यांनी दिलेली पावतीच. अनुभवी मधपाळ पोळ्याची किमान तीन चतुर्थांश घरकुले झाकली गेल्याशिवाय चौकट काढत नाही. शंका असल्यास चौकट आडवी धरून हलका झटका द्यावा. उघड्या घरकुलांतून थेंब उडाले तर मध अजून कच्चा समजावा.

महाराष्ट्रात मधमाशीपालनाची सर्वांत जुनी व सलग परंपरा महाबळेश्वर परिसराची. १९४६ पासून तेथे या उद्योगाच्या विकासाचे काम चालू आहे. आज राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. या डोंगरी गावांतून लाकडी पेट्यांत पाळली जाते ती आपली देशी सातेरी माशी. पेटीत खाली पिलाव्याचा कक्ष आणि वर मधाचा कक्ष असतो. मध काढायचा तो वरच्या कक्षातूनच. झाकणे सुरीने तासून चौकटी फिरत्या यंत्रात ठेवतात. गतीमुळे मध बाहेर फेकला जातो, पोळे अखंड राहते आणि ते माश्यांना परत देता येते. हे यंत्र १८६५ साली फ्रान्झ हृश्का यांनी शोधले. त्याआधी जगभर पोळे पिळूनच मध काढीत असत.

पिळण्याची पद्धत आपल्या परिसरात अजूनही आहे. आग्या माशी पेटीत राहत नाही; ती कड्यावर, उंच झाडावर, कधी इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे बांधते. धूर देऊन ते संपूर्ण कापून पिळले, तर मधात पराग, मेणाचे कण आणि अळ्यांचा रसही उतरतो. हे कण स्फटिकांना आधार देतात, कारण स्फटिक वाढण्यास एखादे सूक्ष्म बीज लागते. अळ्यांच्या रसाने ओलावा वाढतो आणि मध लवकर आंबतो. वास्तविक आग्या पोळ्यातील मध वरच्या एका कोपऱ्यात साठवलेला असतो आणि पिलावा त्याखाली पसरलेला असतो. तेवढाच मधाचा भाग कापून घेतला आणि पिलावा तसाच राहू दिला, तर मधही स्वच्छ मिळतो आणि वसाहतही वाचते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राच्या कामातून विदर्भातील मध गोळा करणाऱ्यांपर्यंत ही पद्धत पोचली. धम्मपदाच्या पुप्फवग्गात फुलाला इजा न करता रस नेणाऱ्या भुंग्याचा दृष्टान्त आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. माशी फुलाशी जशी वागते तसे आपण माशीशी वागलो, तर मधाची प्रतही आपोआप सुधारते. येथे करुणा आणि गुणवत्ता एकाच मार्गाने चालतात.

काढणीचा काळही महत्त्वाचा आहे. पावसाची पहिली सर येण्यापूर्वी, कोरड्या हवेत, ऊन चांगले वर आल्यावर काढलेला मध टिकाऊ असतो. दमट हवेत उघडे पडलेले पोळे काही तासांतही ओलावा ओढून घेऊ शकते.

गाळणे आणि उष्णता : किती व कशी?

काढलेला मध प्रथम साध्या जाळीतून आणि नंतर स्वच्छ, कोरड्या मलमलीतून गाळावा. गाळल्यावर एक-दोन दिवस उभट भांड्यात झाकून ठेवल्यास हवेचे बुडबुडे व मेणाचे कण वर येतात. ती साय काढून टाकावी. कण आणि बुडबुडे जितके कमी, तितकी स्फटिकांना बीजे कमी. मात्र परागाचा शेवटचा कणही निघावा असा हव्यास धरू नये, कारण मध कोठल्या फुलांचा आहे हे परागावरूनच ओळखता येते.

मोठे व्यापारी मध पातळ राहावा म्हणून तो तापवतात. उष्णतेने सूक्ष्म स्फटिक विरघळतात व आंबवणारे यीस्ट मरते, हे खरे. परंतु तिची किंमत मोजावी लागते. मधात माश्यांनी मिसळलेला डायस्टेज नावाचा विकर असतो. तो निम्मा नष्ट होण्यास ३० अंशाला सुमारे २०० दिवस, ४० अंशाला एक महिना, ५० अंशाला पाच दिवस, ६० अंशाला केवळ एक दिवस आणि ८० अंशाला सव्वा तास पुरतो. त्याच वेळी एचएमएफ हा पदार्थ वाढत जातो. म्हणूनच भारतीय अन्नमानकांत त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आणि ओलाव्याची मर्यादा २० टक्के घातलेली आहे. वर्षभर काचेसारखा नितळ राहणारा मध हा उत्तम मधच असेल असे नाही. तो कदाचित फार तापवलेला मध असेल.

अंबरनाथच्या हवेत मध कसा ठेवावा?

आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मधाला दोन परीक्षा द्याव्या लागतात : पावसाळ्याचा दमटपणा आणि हिवाळ्याची रात्र.

मध हवेतील बाष्प शोषतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर १७-१८ टक्के ओलाव्याचा मध समतोल राखतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याहून कितीतरी अधिक असते. या दिवसांत सैल झाकणाची बाटली म्हणजे पाणी पिणारी बाटलीच होय. ओलावा १७ टक्क्यांच्या आत असेल तर मध सहसा आंबत नाही. २० टक्क्यांच्या वर गेल्यास आंबण्याची शक्यता बळावते. फेस, आंबूस वास आणि फुगलेले झाकण ही आंबल्याची लक्षणे आहेत.

दुसरी परीक्षा थंडीची. मध सर्वांत वेगाने थिजतो तो १४ अंशांच्या आसपास. समुद्रापासून आत असलेल्या आपल्या गावांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मुंबईपेक्षा थंड असतात आणि पारा याच टापूत उतरतो. कुलाब्याच्या घरात पातळ राहिलेला तोच मध बदलापूरला थिजावा, यात म्हणूनच नवल नाही. २५ अंशांच्या वर स्फटिक होण्याचा वेग मंदावतो. पोळ्यात पिलाव्याजवळ माश्या ३४-३५ अंशांची ऊब राखतात. खूप थंडीत, म्हणजे ५ अंशांच्या खाली, मध इतका दाट होतो की स्फटिकांची वाढच खुंटते. म्हणून घरच्या शीतकपाटाच्या दारातील खण ही मधासाठी सर्वांत वाईट जागा. शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र तो दीर्घकाळ न थिजता राहतो.

यावरून घरासाठी आणि आमच्या वसतिगृहाच्या कोठीसाठीही पुढील नियम निघतात.

१. मध घट्ट झाकणाच्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावा. मध आम्लधर्मी असल्यामुळे लोखंड, तांबे वा पितळ यांची भांडी टाळावीत.

२. एका मोठ्या बरणीऐवजी लहान बरण्या काठोकाठ भराव्यात. वारंवार उघडझाप झाली नाही तर बाष्प कमी शिरते.

३. जुन्या, थिजलेल्या मधाच्या बरणीत नवा मध ओतू नये. तळाचे जुने स्फटिक नव्या मधाला बीज पुरवतात.

४. ओला चमचा बरणीत घालू नये. पाण्याचा एक थेंबही आंबण्यास निमित्त होतो.

५. बरणी शीतकपाटात नव्हे, तर स्वयंपाकघरातील उन्हापासून दूर असलेल्या, थंडीत फार न गारठणाऱ्या कपाटात ठेवावी.

आणखी एक सूचना पालकांसाठी. जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. मधात क्वचित असणारे जिवाणूंचे बीजाणू मोठ्यांना अपाय करीत नाहीत, परंतु तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून गंभीर आजार होऊ शकतो. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, मग तो कितीही शुद्ध असो.

साखर धरलीच तर?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की थिजलेला मध जसाच्या तसा खाण्यास उत्तम असतो. भाकरीवर वा पोळीवर पसरायला तो पातळ मधापेक्षा सोयीचा. परदेशांत तर मुद्दाम बारीक दाण्यांचा, लोण्यासारखा मऊ मध तयार करतात. कॉर्नेल विद्यापीठाचे एल्टन डाइस यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली व १९३५ साली त्यांना तिचे एकस्व मिळाले. पातळ मधात बारीक दाण्यांचा थोडा थिजलेला मध बीज म्हणून मिसळून तो सुमारे १४ अंशांना ठेवायचा, एवढेच त्याचे मर्म. आपण ज्याला बिघाड समजतो, तीच गोष्ट तेथे ग्राहक मागून घेतो.

पातळच हवा असेल तर बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. पाणी ४० ते ४५ अंशांचे, म्हणजे हाताला सुखाने सोसवेल इतपतच असावे. पाणी निवले की बदलावे व मधूनमधून मध ढवळावा. वेळ लागतो, पण घाई करू नये. बरणी थेट विस्तवावर, उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. सगळे दाणे विरघळले पाहिजेत. काही उरले तर मध पुन्हा लवकर थिजतो. लागेल तेवढाच मध वेगळा काढून पातळ करावा. तोच मध वारंवार तापवणे योग्य नव्हे.

भेसळीची शंका आणि न्याय

मध खरा की खोटा हे ओळखण्याच्या अनेक युक्त्या प्रचलित आहेत : पाण्यात थेंब सोडणे, काडी मधात बुडवून पेटवणे, टिपकागदावर थेंब ठेवणे. या युक्त्यांतून मुख्यतः मधाचा दाटपणा व ओलावा कळतो. शुद्धता कळत नाही. दाट साखरपाकही या परीक्षांत उत्तीर्ण होतो, आणि पावसाळ्यात काढलेला खरा मध नापास होतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील मधाच्या २२ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १७ नमुन्यांत साखरपाकाची भेसळ असल्याचे तिने जाहीर केले. नेहमीच्या प्रयोगशाळा चाचण्यांतून सुटलेले कित्येक नमुने परदेशातील प्रगत चाचणीत पकडले गेले. जे प्रयोगशाळेलाही सहज सापडत नाही, ते काडीच्या ज्योतीला कसे सापडावे?

साखर धरणे हे भेसळीचा पुरावा नाही, तसेच ते शुद्धतेचे प्रमाणपत्रही नाही. या दोन्ही टोकांपासून दूर राहून आपण दुसरे प्रश्न विचारावेत. मध केव्हा काढला? कोणत्या डोंगरातला? पोळे पिळून की मधाचा भाग वेगळा कापून? पाऊस पडण्याआधी की नंतर? डोंगरातून मध आणणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात, आणि ती विचारणारा ग्राहक त्याला भेटला तर चांगल्या काढणीचे मोलही त्याला मिळू लागते. चकचकीत वेष्टणावर विश्वास आणि डोक्यावरील हंड्यावर अविश्वास ही आपली सवय तपासून पाहण्याजोगी आहे. समतेचा विचार सभागृहापुरता न राहता बाजारातील व्यवहारातही उतरावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नये, हा कालामांना केलेला उपदेश आपल्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. म्हणून वर लिहिलेलेही कोणी नुसते मानू नये, करून पाहावे. नोव्हेंबरच्या आरंभी एकाच मधाच्या चार लहान, सारख्या बाटल्या भराव्यात. पहिली खोलीतील कपाटात ठेवावी. दुसरी शीतकपाटाच्या दारात ठेवावी. तिसरीत थिजलेल्या मधाचा चिमूटभर अंश घालून ती पहिलीच्या शेजारी ठेवावी. चौथीतील मध मलमलीतून गाळून, कोमट पाण्यात ऊब देऊन, तिसरीच्या शेजारी ठेवावा. कोणती आधी थिजेल याचा अंदाज प्रयोगापूर्वीच वहीत लिहावा. मग दर रविवारी खोलीचे तापमान, बाटलीचा रंग आणि तळाच्या थराची उंची नोंदवावी. फेब्रुवारी अखेरपर्यंत नोंदी ठेवल्यास तापमान, बीज आणि गाळणी या तिन्हींचा प्रभाव वेगवेगळा दिसून येईल. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी हाच प्रयोग करून नोंदी आमच्याकडे पाठवल्या, तर अंबरनाथ आणि अन्य ठिकाणची हवा यांची तुलना पुढील पिढीच्या विद्यार्थ्यांना करता येईल.

सारांश इतकाच. मध थिजणे ही कारणाने घडणारी नैसर्गिक क्रिया आहे. पक्व पोळे निवडणे, स्वच्छ गाळणे, ओलावा दूर ठेवणे आणि तापमान सांभाळणे या चार उपायांनी ती लांबवता येते. लांबवूनही ती घडली, तर कोमट पाणी आणि थोडा धीर पुरतो. यंदाच्या थंडीत बरणीच्या तळाशी पांढरा थर दिसला, तर बरणी रिती करू नये आणि मध देणाऱ्याविषयी मनात किंतू धरू नये, ही समस्त पालकांना, माजी विद्यार्थ्यांना व स्नेहीजनांना आमची विनंती आहे.